सुटल्यानंतरचे दिवस



दारूचे दुष्परिणाम सांगण्यासाठी आम्ही उभे राहिलेलो नाही. ते ज्याला ठाऊक नाहीत असा माणूस या मंडपात नसेल. आणि ज्याला ते सर्वांत अधिक ठाऊक आहेत, तो बहुधा आज येथे आलाच नसेल. आम्हांला बोलावयाचे आहे ते दारू सोडल्यानंतरच्या दिवसांविषयी, आणि त्या दिवसांत जळगाव-धुळ्यासारख्या गावच्या माणसाने कोठे जाऊन बसावे याविषयी.

सोडणे हे आपण समजतो तितके दुर्मिळ नाही. आषाढीला सोडतात, पोळ्याला सोडतात, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सोडतात. अवघड आहे ते सुटलेले राहणे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथील मुक्काम सुमारे ३५ दिवसांचा. पण छत्तिसाव्या दिवशी माणूस धुळ्याच्या स्टँडवर उतरतो, तेव्हा तेच मित्र, तोच पगाराचा दिवस आणि तीच वळणावरची पाटी त्याची वाट पाहत असते. म्हणून तेथे उपचारानंतरच्या पाठपुराव्याला उपचाराइतकेच मोल देतात.

या छत्तिसाव्या दिवसावरचा तोडगा दोघा पिणाऱ्यांनीच शोधून काढला. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरबाजारवाला धंद्यात अपयश घेऊन हॉटेलात एकटा बसला होता. दारू सुटून काही महिने झाले होते; बार समोरच होता. तिकडे न जाता त्याने टेलिफोन उचलला आणि गावात दुसरा कोणी दारूडा भेटेल काय, याची चौकशी चालविली. भेटले डॉ. बॉब स्मिथ, एक शल्यवैद्य. दोघे तासन् तास बोलले. उपदेश कोणीच कोणाला केला नाही, आणि आमच्या मते सारे मर्म येथेच आहे. त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे अनामिक मद्यासक्तांचा मेळा, उभा राहिला. १९५७ साली तो मुंबईत आला.

कोणी म्हणतात, ही परदेशी रीत. आपल्या मातीत रुजावयाची नाही. इतरांनी म्हणावे, पण खानदेशाने तरी म्हणू नये! तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, तळोदे तालुक्यातील मोरवड येथे, १९३० नंतरच्या दशकात गुला महाराजांनी भिल्ल बांधवांना दारू सोडावयास सांगितले. पण नुसते सांगून ते थांबले नाहीत. दर सोमवारी आरतीला जमावयाचे, एकमेकांना ‘आप’ म्हणावयाचे, असा परिपाठ घातला. ज्याला सावकार अरेतुरे करी, त्याला शेजारी ‘आप’ म्हणू लागला. १९३८ साली महाराज वारले, तरी बंधू रामदास महाराजांनी आरत्या चालू ठेवल्या. नेमलेला वार, ठरलेली जागा आणि मान देणारी माणसे: बैठकीला याहून अधिक काय लागते?

आता व्यवहाराचे. रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडू नये. अंगाला कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो, क्वचित प्राणावर बेतते. आधी डॉक्टर. दोन्ही गावी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांना भेटावे आणि तेथेच बैठकीची चौकशी करावी. १४४४६ हा सरकारी दूरध्वनी व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी आहे. पत्ता मिळाला तरी वार व वेळ पुन्हा विचारून घ्यावी. या बैठका मागून घेतलेल्या खोल्यांत भरतात आणि खोल्या बदलतात.

बैठकीत फी नसते, हजेरीपट नसतो, आडनाव कोणी विचारत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. एकेकजण आपली हकीकत सांगतो, मध्ये कोणी बोलत नाही. पहिल्या दिवशी नुसते ऐकून परत आले तरी चालते. देवाचे नाव निघते, परंतु तो ज्याच्या त्याच्या समजुतीचा. नास्तिकाला कोणी उठवून लावीत नाही.

खरी धास्ती वेगळीच असते. ‘लोके काय म्हनतीन?’ गटारीच्या कडेला पडलेला सारा गाव पाहतो त्याची लाज वाटेनाशी होते, आणि बैठकीच्या जिन्यावर कोणी पाहील याची मात्र वाटते! ही लाज आम्ही हसण्यावारी नेत नाही. मुलीचे लग्न ठरावयाचे असते, दुकान चालवावयाचे असते. ज्याला गावात जाणे जड वाटते त्याने एरंडोल-पारोळ्यावरून जाणारी एस.टी. धरावी. जळगावकराने धुळ्याची बैठक गाठावी, धुळेकराने जळगावची. अंतर सुमारे ९० किलोमीटर. दारूसाठी लोक याहून दूर गेलेले आहेत.

घरच्या माणसांसाठी ‘अल-अॅनॉन’ ही निराळी बैठक असते. मुक्तांगणात बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. नवरा यावयास तयार नसला तरी बाईने जावे. पैसे कोठे लपवावेत, हे तेथे कोणी शिकवीत नाही. नवऱ्याचे पिणे हा आपला अपराध नव्हे, एवढे तेथे तिला बरोबरीच्या बायकांकडून ऐकावयास मिळते. आणि मध्येच कोणाचा पाय घसरला, तर त्याची खुर्ची कोणी काढून घेत नाही. पुढच्या बैठकीला त्याने यावे, मागच्या बाकावर बसावे, चहा घ्यावा.