वारांची साखळी

मागे घडलेल्या एखाद्या गोष्टीची तारीख निश्चित करण्याचा प्रसंग प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा येतो. मुलाचे नाव शाळेत घालावयाचे असते, जमिनीचा जुना व्यवहार तपासावयाचा असतो, किंवा वडीलधाऱ्या माणसाच्या निधनाचा दिवस नोंदावयाचा असतो. तारीख कोणालाच आठवत नाही. मात्र घरातील एखादी वृद्ध स्त्री ठामपणे सांगते की, त्या वर्षीच्या दिवाळीला सहा आठवडे होऊन गेले होते आणि गावचा बाजार होता. तारीख मागणाऱ्याला ही माहिती तुटपुंजी वाटते. वस्तुतः तीत सर्व काही आले आहे. साल ठाऊक असेल तर दिवाळी पंचांगात सापडते, बाजाराचा वार साऱ्या गावाला माहीत असतो, आणि सहा आठवडे कोणालाही मोजता येतात.

काळ मोजावयाचा तो आठवड्यांनी मोजावा, महिन्यांनी मोजू नये, हा या गणिताचा पहिला नियम होय. महिना हे माप आखूड-लांब होणारे आहे. ‘तीन महिन्यांपूर्वी’ असे म्हटले तर ते दिवस कधी ८९ भरतात, तर कधी ९२. तेरा आठवडे मात्र नेहमी ९१ दिवसांचेच. बोलण्यातील ‘आठ दिवस’ म्हणजे सात आणि ‘पंधरा दिवस’ म्हणजे बहुधा चौदा, हेही ध्यानात ठेवावे. कारण बोलणारा पहिला व शेवटचा असे दोन्ही दिवस धरीत असतो.

एक उदाहरण श्रोत्यांनी कागदावर मांडून पाहावे. गोवा मुक्त झाला तो दिवस १९ डिसेंबर १९६१, मंगळवार. तेथून १५ ऑगस्ट १९४७ पर्यंत मागे जावयाचे आहे. १५ ऑगस्ट १९४७ ते १५ ऑगस्ट १९६१ ही चौदा वर्षे. त्यांचे ५,११० दिवस, आणि १९४८, १९५२, १९५६ व १९६० या लीप वर्षांचे अधिक चार, म्हणजे ५,११४. तेथून १९ डिसेंबरपर्यंत १२६ दिवस. एकूण ५,२४०. या संख्येस सातांनी भागले असता ७४८ आठवडे येतात व बाकी चार उरते. पूर्ण आठवडे मागे गेले तरी वार बदलत नाही, म्हणून मंगळवारच राहतो. उरलेले चार दिवस मागे सरकले की सोमवार, रविवार, शनिवार आणि शुक्रवार. स्वातंत्र्याचा पहिला दिवस शुक्रवारच होता.

ही रीत विश्वसनीय ठरते, कारण राज्यकर्त्यांनी तारखा बदलल्या तरी वारांची साखळी तुटली नाही. युरोपातील ज्युलियन पंचांगाचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते. ही मिनिटे शतकानुशतके साचत गेली, आणि वसंतसंपाताशी जोडलेला ईस्टरचा सण आपल्या ऋतूपासून ढळू लागला. तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये सुधारणा केली. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवसाला १५ ऑक्टोबर म्हणण्यात आले. परंतु ४ तारखेला गुरुवार होता आणि १५ तारखेला शुक्रवार आला. दहा तारखा गळाल्या, वार एकही गळाला नाही. इंग्लंडने हीच सुधारणा १७५२ मध्ये स्वीकारली. तेथेही बुधवार, २ सप्टेंबरनंतर गुरुवार, १४ सप्टेंबर उजाडला.

या दोन पंचांगांमुळे महाराष्ट्राच्या इतिहासातही घोटाळा होऊ शकतो. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद अनेक वर्षे चालला. एक परंपरा शके १५४९ चा वैशाख सांगत असे. जेधे शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे, आणि तिची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० अशी दिली जाते. आता कोणी आजच्या पंचांगाने मागे मोजीत गेला, तर त्या तारखेला मंगळवार येतो. मग शकावली चुकली काय?

गणित मांडले म्हणजे शंका फिटते. आजच्या पंचांगात ४०० वर्षांचे १,४६,०९७ दिवस होतात, म्हणजे नेमके २०,८७१ आठवडे. बाकी काहीच उरत नाही. म्हणून १६३० चे वार आणि २०३० चे वार एकच. २०३० मधील १ मार्च शुक्रवारी येते. तेव्हा नव्या पंचांगाने १ मार्च १६३० हाही शुक्रवारच. त्यातून दहा दिवस वजा केले की जुन्या पंचांगाची १९ फेब्रुवारी मिळते. शकावलीचा शुक्रवार बरोबर आहे; तारीख जुन्या पंचांगाची आहे एवढेच. त्या दिवसाला गोव्यातील पोर्तुगीजांच्या लेखी १ मार्च होती. सुरतेच्या वखारीतील इंग्रजांच्या लेखी १९ फेब्रुवारी होती, आणि त्यांचे वर्ष २५ मार्चला बदलत असल्यामुळे साल अजून १६२९ च होते. शिवनेरीवर फाल्गुन वद्य तृतीया होती. शुक्रवार मात्र सर्वत्र होता.

याहून जुन्या काळालाही हीच कसोटी लागते. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा स्तंभलेख आहे. त्यात गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा दिवस कोरलेला आहे. गुप्त संवताचा आरंभ केव्हाचा, याविषयी एकोणिसाव्या शतकात विद्वानांत तीव्र मतभेद होते. पुराभिलेखांचे अभ्यासक फ्लीट यांच्यासाठी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी गणित केले. दीक्षित मूळचे मुरूडचे आणि पेशाने शिक्षक. आरंभ इसवी सन ३१९-२० धरला असता ती द्वादशी २१ जून ४८४ रोजी येते, आणि तो गुरुवारच ठरतो. चौदाशे वर्षांपूर्वी कोरलेल्या एका वाराने असे मोठ्या वादाच्या निर्णयास साह्य केले.

तथापि वाराच्या साक्षीलाही मर्यादा आहे. अंदाजाने धरलेल्या तारखेचा वारदेखील सातांत एकदा जुळतोच. म्हणून वार जुळला एवढ्यावरून तारीख सिद्ध होत नाही. तिथी आणि नक्षत्रही जुळले म्हणजे पुरावा बळकट होतो. वार जुळत नसेल तर मात्र कोठे तरी चूक आहे हे निश्चित. खतपत्रात तारीख एक आणि वार भलताच असेल, तर लिहिणारा चुकला असेल, पंचांगाची गल्लत झाली असेल, किंवा तो कागद मागाहून तयार केलेला असेल.

यासाठी पत्र, खतपत्र किंवा कुटुंबातील नोंद लिहिताना तारखेशेजारी वार अवश्य लिहावा. नक्कल करताना १ चा ९ सहज होतो. तेव्हा वारच ती चूक पकडून देतो. आणि घरात वृद्ध माणसे आहेत तोवर त्यांना जुन्या घटनांच्या नुसत्या तारखा विचारू नयेत. वार कोणता होता, जवळचा सण कोणता होता आणि मध्ये किती आठवडे गेले, हे विचारावे व त्याच दिवशी लिहून ठेवावे.