श्वासाची रोजनिशी
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील भाषण)



श्वासालाही भरती-ओहोटी असते. निरोगी माणसाच्या श्वासनलिका पहाटे ४ च्या सुमारास किंचित आवळलेल्या, तर दुपारी ४ च्या सुमारास सर्वाधिक मोकळ्या असतात. हा फरक त्याला जाणवतही नाही. दम्याच्या रुग्णात मात्र तो वाढतो, कारण त्याच्या श्वासनलिका अतिसंवेदनशील झालेल्या असतात. फोडणीचा धूर, गार वारा किंवा धूळ एवढ्यानेही त्या आवळतात.

बेकरीतील पीठ, लाकडाचा भुसा, रंगफवारणीतील आयसोसायनेट यांमुळे धडधाकट कामगारालाही दमा जडू शकतो. इटालियन वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पिठात काम करणाऱ्यांच्या श्वासविकारांची नोंद आहे. दुखणे जुनेच आहे. ते ओळखण्यात मात्र आजही विलंब होतो. कामगार रजा काढून सकाळी बाह्यरुग्ण विभागात येतो. त्या दिवशी तो धुळीपासून दूर असतो आणि तपासणी निर्दोष ठरते. खरा त्रास पुष्कळदा कामावरून परतल्यावर, रात्री सुरू होतो.

म्हणून आम्ही एका तपासणीवर विसंबत नाही. पीक फ्लो मीटर हे हातात मावणारे साधे उपकरण रुग्णाने घरी व कामावर वापरावे, दिवसातून किमान ४ वेळा जोराने फुंकून आकडा लिहावा, आणि कामाचे व सुट्टीचे दिवस मिळून सुमारे ४ आठवडे ही रोजनिशी ठेवावी, असे आम्ही सांगतो. दिवसातील सर्वाधिक आकडा ४४० व सर्वांत कमी ३६० असेल, तर हा चढ-उतार सरासरीच्या २० टक्के होतो. प्रौढांत रोजच्या चढ-उताराची सरासरी १० टक्क्यांहून अधिक असणे दम्याकडे निर्देश करते. आकडे कामाच्या दिवसांत घसरून सुट्टीत सावरत असतील, तर कारण कामाच्या जागी शोधावे लागते. गरज भासल्यास मेथाकोलिन हुंगवून श्वासनलिकांची संवेदनशीलता तपासतात. ही चाचणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी लागते.

निदानाला विलंब झाला, तर कारणापासून दूर गेल्यावरही ही संवेदनशीलता वर्षानुवर्षे टिकू शकते. वेळीच कारण सापडले, तर सुधारणेची आशा अधिक असते. तथापि 'काम सोडा' हा सल्ला देणे सोपे आहे. त्या घरची चूल त्याच कामावर पेटते, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणूनच अंदाजाने नव्हे, तर नोंदींच्या आधारे मालकांशी बोलून कामाची जागा वा पद्धत बदलता येते का, हे प्रथम पाहावे लागते.

आप्तजनांना विनंती की, रुग्णाची औषधे परस्पर बंद करू नयेत आणि ही रोजनिशी प्रत्येक भेटीस सोबत आणावी. देणगीदारांनी दिलेले एक लहानसे उपकरणही एखाद्या कुटुंबाचे आरोग्य व उपजीविका या दोहोंना आधार देऊ शकते.