बाई तारीख विचारायच्या

(आईच्या स्मृतिसभेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



इथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक माझ्या आईला ‘बाई’ म्हणायचे. मी आणि माझी बहीण अम्मी म्हणायचो. १९८२ ते २०१६ अशी चौतीस वर्षं ती जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवत होती. त्यातली बहुतेक वर्षं पाटण तालुक्यातल्या डोंगराळ गावांत गेली. रमजानमध्ये सहरी आटोपून, रोजा धरून, एसटीच्या थांब्यापासून शाळेपर्यंतची चढण ती पायी चढायची. हे तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलंय.

गेलेल्या माणसाचे सगळे गुण सांगायची रीत आहे. मी अम्मीची फक्त एक सवय सांगणार आहे. ती मुलांची जन्मतारीख विचारायची.

तुम्ही म्हणाल, सगळेच शिक्षक विचारतात. पण आपल्या घरात जरा नजर टाका. कुणाचे तरी अब्बा, कुणाची खाला, कुणाचे चाचा यांची जन्मतारीख १ जून निघेल. एका पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मला आहे. पूर्वी गावाकडे जन्माची नोंद व्हायचीच असं नाही. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, प्रवेशासाठी वय पूर्ण हवं असायचं. गुरुजी पोराकडे एकदा बघायचे, अंदाजाने वर्ष धरायचे आणि तारीख टाकायचे १ जून. त्यात कुणाचा वाईट हेतू नसायचा. पन्नास पोरं भरती करायची आणि आईबाप शेतावर, हे सोपं पडायचं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे याला डिफॉल्ट म्हणतात. फॉर्ममधली एखादी जागा कुणी भरली नाही, तर संगणक तिथे आधी ठरवलेलं उत्तर टाकून पुढे जातो. अम्मीला हे एकदा समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “मतलब किसीने पूछा नहीं, तो एक जून.” इतकी नेमकी व्याख्या मला कॉलेजात कुणी सांगितली नव्हती.

तिची स्वतःची तारीखही १ जून १९५८ होती. नानी सांगायची की मोहरमचे ताबूत उठले त्या आठवड्यात ही झाली, शेतात भातलावणी चालली होती. हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं. तो हिशेब करत अम्मी मागे गेली आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पोचली. सरकारी नियमाप्रमाणे महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून ती ३१ मे २०१६ ला निवृत्त झाली. “गुरुजींनी माझा दोन महिन्यांचा पगार खाल्ला,” असं ती हसून सांगायची. पण त्या हसण्यामागे एक निश्चय होता. आपल्या हातून कुणाची तारीख अशी लिहिली जाणार नाही.

मग ती विचारायची कशी? घरी जायची, चुलीपाशी बसायची आणि आईला विचारायची, आजीला विचारायची. तारीख कुणालाच सांगता येत नसे, पण दिवस सगळ्यांना आठवत. इंदिराबाई गेल्या त्याच्या आधी की नंतर? बकरी ईद होऊन किती दिवस झाले होते? नदीला पाणी आलं होतं का? गावची जत्रा झाली होती? घरी जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा तिने जपून ठेवला होता. त्यात ईद, जत्रा, अमावास्या बघत ती तारखेपर्यंत पोचायची आणि मगच जनरल रजिस्टरमध्ये नोंद करायची. शिवाय तिची एक स्वतःची वही होती. तीत मुलाच्या नावापुढे आईचं नाव असायचं आणि आईने तारीख कशी सांगितली, तेही तिच्याच शब्दांत लिहिलेलं असायचं.

हा छंद नव्हता. जनरल रजिस्टरमधली ही ओळ माणसाला आयुष्यभर पुरते. शाळा सोडल्याचा दाखला तिच्यावरून निघतो. दाखल्यावरून दहावीचं प्रमाणपत्र, त्यावरून नोकरी, पासपोर्ट, पेन्शन. एकदा चढलेली तारीख बदलायची, तर चपला झिजतात.

आता एक प्रसंग. मे २०११. अम्मीच्या जुन्या शाळेतल्या एका मुलीचा निकाह ठरला. मुलगी तालुक्याच्या हायस्कुलात नववी झालेली. मुलगा मुंबईत कामाला, माणसं चांगली. अम्मी त्यांच्या घरी गेली. मुलीचे वडील म्हणाले, “बाई, पोरीला अठरा पूर्ण झालीत. शाळेतली तारीख काय, गुरुजी लोक मनानंच टाकतात.”

अम्मीने पिशवीतून वही काढली. “ही मी मनानं नाही टाकली, भाऊ. तुम्हीच सांगितली होती. तुम्ही म्हणाला होता, गणपती दूध प्यायला त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरगी झाली.”

गणपती दूध प्यायल्याची बातमी देशभर पसरली तो दिवस २१ सप्टेंबर १९९५. म्हणजे मुलगी २२ सप्टेंबरची. पंधरा पूर्ण, अठराला सव्वादोन वर्षांहून जास्त बाकी. त्या घरात क्षणभर कुणी बोललं नाही. मग मुलीची दादीच हसली आणि म्हणाली, “हां, सच है. मैंच बोली थी, गणपती का दूध अपने घरकू भी आया बोलके.”

कायदा अम्मीला पाठ होता. मुलीचं वय १९७८ पासून अठरा आहे आणि २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदाही आला होता. पण तिने तिथे पोलिसांचं नाव काढलं नाही. ती म्हणाली, रिश्ता चांगला असेल तर सव्वादोन वर्षं थांबेल. निकाह पुढे गेला. मुलगी दहावी झाली, बारावी झाली आणि मग त्याच मुलाशी तिचं लग्न झालं. आज ती गावात आशा म्हणून काम करते. गरोदर बायांची नोंद ठेवते. ती इथे समोर बसली आहे. तिचं नाव मी घेत नाही.

प्रत्येक वेळी असं झालं नाही. एका मुलीला मामाच्या गावी नेऊन तिचं लग्न लावलं, अम्मीला कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्या पानावर तिने काही लिहिलं नाही, पण पान दुमडून ठेवलं. ते आजही दुमडलेलंच आहे.

या सगळ्यावरून गावात बोलणी बसायची. बाई दीनच्या आड येतात, असं काही जण म्हणत. अम्मी पाच वक्तची नमाज पढणारी. तिचं उत्तर ठरलेलं असे. कुराणातली सगळ्यात लांब आयत कशाबद्दल आहे ते बघा, ती म्हणायची. सूरह बकराची ती आयत आहे देण्याघेण्याबद्दल. उधारी लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, हा तिचा आशय. “पैशाची नोंद करायला अल्लाहने इतकं सांगितलं, आणि पोरीच्या वयाची नोंद कशीही चालेल?” यावर वाद घालणारा मला तरी भेटला नाही.

हजेरीचंही तेच. १९९५ साली शाळेत पोषण आहाराची योजना आली तेव्हा शिजवलेलं अन्न नव्हतं. महिन्याला मुलामागे तीन किलो तांदूळ मिळायचा आणि त्यासाठी ऐंशी टक्के हजेरी लागायची. लावणीच्या दिवसांत मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी थांबत. तांदूळ जाऊ नये म्हणून खोटी हजेरी लावा, असं पालक म्हणत. अम्मी खोटी हजेरी लावत नसे आणि तांदूळही जाऊ देत नसे. ती मुलींना सांगायची, भावाला काखेत घेऊन ये. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, ही शाळा आहे की बालवाडी? अम्मी म्हणाली, “साहेब, आज पट पूर्ण आहे. मोजून घ्या.”

आणि मग डिसेंबर २०१९. नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला, पाठोपाठ नागरिक नोंदवहीची चर्चा सुरू झाली. तुमच्यातले बरेच जण तेव्हा कॉलेजात असतील. घराघरांत ट्रंका उघडल्या होत्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी अम्मीकडे माणसं येऊ लागली. दाखला द्यायचा अधिकार तिला नव्हता. ती वही काढून प्रवेशाचं वर्ष शोधून द्यायची, मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहून द्यायची. यात फक्त मुसलमान नव्हते. धनगरवाड्यावरचे लोक होते, नवऱ्याने टाकलेली एक बाई होती, जिच्याकडे रेशनकार्डही नव्हतं. अम्मीला इतकी चिडलेली मी आधी पाहिली नव्हती. ती म्हणायची, मी नोंद करायची ती पोराला हक्क मिळावा म्हणून. पोराला भीती वाटावी म्हणून नाही.

हे वाक्य माझ्या धंद्याच्या फार जवळचं आहे. आम्ही लोकांची माहिती गोळा करतो, साठवतो. कागद तोच असतो, रकाना तोच असतो. तो भरणारा माणूस समोरच्याच्या घरी जाऊन बसला होता की नाही, यावर खूप काही ठरतं.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव लावणं महाराष्ट्र शासनाने सक्तीचं केलं. ती बातमी वाचून अम्मी म्हणाली, “चला, माझी वही सरकारनं उतरवून घेतली.”

माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो, आपल्या समाजाबद्दल एक १ जून सगळ्यांनी लिहून ठेवला आहे. मुसलमानाची मुलगी म्हणजे सातवी, फार तर दहावी, मग निकाह. बाहेरचे हे न विचारता लिहितात. आणि खरं सांगायचं तर आपल्या घरांतूनही न विचारताच लिहिलं जातं. अम्मीने भाषणं केली नाहीत, मोर्चे काढले नाहीत. तिने एकेका मुलीला विचारलं, आणि मिळालेलं उत्तर खरं धरलं.

सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. त्यापलीकडे फातिमा शेख यांच्याविषयी इतकं थोडं लिहून ठेवलं गेलं, की आज त्यांच्या असण्यावरही वाद घातला जातो. आपल्या गावोगावच्या शिक्षिकांचं, नर्सताईंचं, आयांचं असं होऊ द्यायचं नसेल, तर ते काम आपल्यालाच करावं लागेल. त्यासाठी संस्था लागत नाही. या आठवड्यात तुमच्या नानी-दादीजवळ बसा. तुझा जन्म कधीचा, तेव्हा पाऊस होता का, कुठला चाँद होता, किती शिकलीस आणि कुणी थांबवलं, एवढं विचारा. ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत लिहा. आणि तिचं पूर्ण नाव लिहा, तिच्या आईच्या नावासकट.

अम्मीची वही मी आणि बहिणीने स्कॅन करायला घेतली आहे. त्यात लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत, म्हणून ती कुठेही टाकणार नाही. ज्याचं पान त्याला देऊ. ज्यांना आपलं पान हवं असेल, त्यांनी जाताना बहिणीला भेटा.

अल्लाह तिची मग्फिरत करो.