घरच्यांच्या पाठीशी कोण?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल थोडक्यात बोलावं, असं संयोजकांनी सांगितलं आहे. मी मानसोपचार विभागात समाजसेविका आहे. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांतली कुटुंबं माझ्यासमोर येतात. आज रुग्णांपेक्षा त्यांच्या घरच्यांबद्दल बोलते.

जीव देण्याचा प्रयत्न केलेला मुलगा वॉर्डात असतो आणि आई बाहेर व्हरांड्यात. तिचा पहिला प्रश्न अहिराणीत येतो, "मन्हं काय चुकनं?" वडील हळूच विचारतात, "पोलीस केस होईल का?" ही दोन उत्तरं मिळेपर्यंत पुढचं काहीच त्यांच्या कानात शिरत नाही.

कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरतात; तिला शिक्षा करायची नसते. तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. आईला आम्ही सांगतो, की हे एका कारणाने घडत नाही. आजार, कर्ज, दारू, तुटलेली नाती अशा कितीतरी गोष्टी एकत्र येतात.

मग घरच्यांच्या हाती नेमकी कामं देतो. फवारणीची औषधं घराबाहेर, कुलपात; किल्ली दुसऱ्याकडे. गोळ्या थोड्याच दिवसांच्या आणायच्या आणि घरच्या माणसाने सांभाळायच्या. झोप उडणं, बोलणं बंद होणं, निरवानिरवीची भाषा ही धोक्याची चिन्हं कागदावर लिहून देतो. खाली कुणाला फोन करायचा तेही. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारायला शिकवतो. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मन मोकळं होतं.

रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. नेमक्या त्याच वेळी घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. म्हणून पहिल्याच आठवड्यात आम्ही फोन करतो आणि "तो कसा आहे?" याच्या आधी विचारतो, "तुम्ही जेवलात का? झोप लागते का?" एकट्या आईने रात्र-रात्र जागून पहारा दिला, तर ती किती दिवस टिकेल? मामा, काका, थोरली बहीण अशा पाळ्या आम्ही लावून देतो.

पण आमचा हात गावापर्यंत कितीसा पोहोचणार? तिथे तुम्ही आहात. कुणाला डेंग्यू झाला तर आपण डबा घेऊन जातो, अशा घरी मात्र जात नाही, किंवा जाऊन "का केलं त्याने?" एवढंच विचारतो. ते विचारू नका. भाकरी-भाजी घेऊन जा, तासभर बसा, आईला तेवढा वेळ डोळा लावू द्या. दवाखान्याच्या तारखेला गाडी काढा. शिक्षकांना विनंती, की तो मुलगा वर्गात परतला की चर्चा नको, आधीसारखीच हाक हवी.

टेलिमानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. रुग्णाप्रमाणे घरच्यांनीही तिथे फोन करावा. आपल्या बॅचच्या ग्रुपवर रोज इतकं काही येतं, आज हा क्रमांकही टाका.