वैमानिकाचे पथ्यपाणी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



वैमानिक भेटला की मंडळी दोन प्रश्न हटकून विचारतात : वर भीती वाटत नाही काय, आणि तुम्ही लोक खाता-पिता काय? या दोहोंचे उत्तर एकच आहे, असे मला वाटते. ते आपल्यापुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

मोठ्या जेट विमानांपेक्षा माझी प्रीती लहान विमानांवर अधिक. पूर्वी आपल्या देशातील फ्लाइंग क्लबांत ‘पुष्पक’ विमान असे. बंगळूरच्या कारखान्यात तयार झालेले हे विमान १९५८ साली प्रथम उडाले. त्यात माणसे दोन आणि इंजिन अवघे ९० अश्वशक्तीचे! अमेरिकेतील चार आसनांचे ‘सेस्ना १७२’ हे त्याहून थोडे थोर. ते आजवर ४४,००० हून अधिक बांधले गेले.

या विमानांची इंजिने साधी, परंतु त्यांच्या रचनेत मोठे शहाणपण आहे. प्रत्येक सिलिंडरला ठिणगीचे प्लग दोन, आणि त्यांना वीज पुरविणारे मॅग्नेटोही दोन. एक बिघडला तरी दुसऱ्यावर इंजिन चालते. बॅटरी निकामी झाली तरी पंखा थांबत नाही. मोटार बिघडली तर रस्त्याच्या कडेला उभी करता येते. आकाशाला कड नाही. म्हणून उड्डाणापूर्वी दोन्ही मॅग्नेटो आळीपाळीने तपासावयाचे, आणि टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल काढून पाहावयाचे. हे पेट्रोल निळसर असते. त्यात पाणी मिसळले असेल तर ते खाली बसून वेगळे दिसते.

मोठ्या विमानात वैमानिकही दोन असतात, आणि पुष्कळ विमान कंपन्यांत दोघांची ताटे निरनिराळी असतात. याचे कारण ऐका. १९७५ च्या फेब्रुवारीत टोकियोहून युरोपास निघालेल्या एका जंबो विमानात नाश्त्याचे ऑम्लेट खाऊन सुमारे दोनशे माणसे आजारी पडली. एका स्वयंपाक्याच्या बोटावरील जखमेतून जंतू अन्नात शिरले होते. सुदैवाने वैमानिकांनी तो नाश्ता घेतला नव्हता.

लहान विमानात मात्र वैमानिक बहुधा एकटाच. मॅग्नेटोला जोडीदार आहे, त्याला नाही. म्हणून त्याचे पथ्य कडक. वाल-वाटाण्यांची उसळ आदल्या रात्री टाळलेली बरी. उंचीवर हवेचा दाब उतरतो आणि पोटातील वायू फुगतो.

आता पेयांविषयी. न्यूयॉर्कच्या ह्यूगो एन्सलिन नावाच्या गृहस्थांनी १९१६ च्या सुमारास छापलेल्या पुस्तकात ‘एव्हिएशन’ नावाचे एक कॉकटेल आहे : जिन, लिंबाचा रस, चेरीचे मद्य आणि व्हायोलेट फुलांचे मद्य. रंग फिकट निळसर-जांभळा. नाव विमानविद्येचे, परंतु उडणाऱ्यास ते वर्ज्य! अमेरिकेत उड्डाणापूर्वी ८ तास मद्य निषिद्ध आहे. आपल्या देशात १२ तास. मद्याची धुंदी उतरल्यावरही कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियावर त्याचा अंमल रेंगाळतो. ढगात शिरल्यावर क्षितिज दिसेनासे होते, आणि बिघडलेला तोल विमान सरळ असताना कलल्याचा भास करवितो.

येथे आपणा सर्वांचा संबंध येतो. आज मुलगे आणि मुलीही या व्यवसायात येत आहेत. लग्नसमारंभात, मेजवानीत आपण आग्रहाने म्हणतो, “अहो, एक घोट घ्या, त्याने काय होते!” आग्रह हा आपल्या आतिथ्याचा अलंकार खरा, परंतु सकाळी उडावयाचे आहे त्याला तो करू नये. त्याने पेला परत केला तर मान राखला नाही असे मानू नये. त्याला वेळेवर जेवू घालावे आणि लवकर निजू द्यावे, हाच त्याचा खरा पाहुणचार.

भीती वाटते काय, या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. जमिनीवर पथ्य पाळलेल्यास वर भीतीचे कारण थोडे उरते. त्या पथ्यात घरच्या माणसांनी साथ दिली, तर एकट्या वैमानिकालाही जोडीदार मिळाला असे होईल.