शाळेपासून कामापर्यंतची वाट



आपल्या पूर्वजांपुढे मुंबईत किंवा कलकत्त्याला जो करारनामा ठेवला गेला, तो त्यांच्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हता. अंगठा उमटला आणि कोणी मॉरिशसला गेले, कोणी सुरीनामला. ‘लाला रुख’ जहाज ५ जून १८७३ रोजी सुरीनामला लागले. त्या मंडळींची नातवंडे-पतवंडे आज हेग शहरात मोठ्या संख्येने राहतात. आपल्या घरांत हाताच्या कामाची जी धास्ती आहे ती तिथूनच आली असावी. “आजोबांनी उसात घाम गाळला, तू ऑफिसात बस,” हे आम्ही प्राथमिक शिक्षक पालकसभेत कितीदा ऐकले, त्याची गणती नाही.

इथे मूल आठव्या गटात, अकरा-बारा वर्षांचे असतानाच त्याच्या पुढच्या शाळेचा सल्ला आम्हाला लिहून द्यावा लागतो. हे वय फारच लहान, असे आमचे मत आहे; पण रीत तशी आहे. २०२३-२४ पासून जानेवारीत तात्पुरता सल्ला आणि फेब्रुवारीत चाचणी होते. चाचणीत मूल सल्ल्यापेक्षा वर गेले, तर सल्ला वाढवावा लागतो. न वाढवल्यास शाळेने कारण द्यावे लागते. ते कारण विचारायला संकोचू नका. आम्हाला राग येत नाही.

व्हीएमबीओचा सल्ला आला की घरात सुतक पडते. वास्तविक त्या चार वर्षांनंतर एमबीओ आहे, आणि एमबीओच्या चौथ्या पातळीनंतर एचबीओ, म्हणजे पदवीचे शिक्षण. वाट लांबची आहे, पण बंद नाही. एचबीओच्या पहिल्या वर्षी अशी मुले गळतात, हेही खरे. तिथे लिखाण आणि स्वतःहून अभ्यास एकदम वाढतो. म्हणून एमबीओमध्येच एचबीओच्या तयारीचा ऐच्छिक भाग घेता येतो. तो मुलाने घेतला का, एवढे घरच्यांनी पाहावे.

खरी अडचण सोळाव्या वर्षी येते. एमबीओचा अर्ज १ एप्रिलपर्यंत करायचा, परीक्षा मे महिन्यात, नवी शाळा ऑगस्टअखेर. जुन्या शाळेने हात सोडलेला, नवीने धरलेला नसतो. त्या तीन महिन्यांत मूल कुठे आहे, काय ठरवतेय, हे घरातच विचारावे लागते. शाळेतल्या देकानला, म्हणजे मार्गदर्शक शिक्षकाला, त्याआधीच्या हिवाळ्यात भेटावे. मुलाबरोबर एमबीओच्या ‘ओपन डाख’ला जावे, कार्यशाळेत उभे राहून वास घ्यावा. माहितीपत्रकातली मुले नेहमी हसरीच असतात.

ज्यांचे मन वर्गात रमत नाही, त्यांच्यासाठी बीबीएल आहे : साधारण चार दिवस पगारी काम, एक दिवस शाळा. काम देणारा मालक एसबीबी या संस्थेने मान्य केलेला असावा लागतो. प्रशिक्षणाच्या करारावर विद्यार्थी, शाळा आणि मालक अशा तिघांच्या सह्या असतात, आणि काय शिकवायचे, कोणी शिकवायचे हे त्यात लिहिलेले असते. उसाच्या मळ्याची आठवण काढणाऱ्यांनी हा कागद मुलाकडून एकदा वाचून घ्यावा.

मात्र मालक मिळणे सोपे नाही. आडनाव पाहून अर्ज बाजूला ठेवला जातो, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे. परदेशी मुळाच्या मुलांना जागेसाठी जास्त वेळा अर्ज करावे लागतात. २०२३ च्या फेब्रुवारीत सरकार, शाळा, मालक आणि विद्यार्थी संघटना यांनी याविरुद्ध एक करार केला. असा अनुभव आला तर मुलाने गप्प बसू नये, शाळेला कळवावे.

आपल्यापैकी अनेकांची दुकाने, गॅरेज, खानावळी, हिशेबाची कार्यालये आहेत. एसबीबीची मान्यता घ्यायला फी पडत नाही. कामाची जागा सुरक्षित हवी, आणि मुलाला शिकवायला वेळ काढणारा एक जाणता माणूस हवा. येत्या हिवाळ्यात आमच्या शाळांतून बाहेर पडलेली मुले तुमच्या दारात विचारायला येतील.