मातीतली ठेव
(मंदिर जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



मंदिराचा पाया खणताना जुने घडीव दगड निघाले आणि गावात गुप्तधनाची चर्चा सुरू झाली. हल्ली धातू शोधणारे यंत्र विकत मिळते. ते घेऊन हौशी मंडळी पांढरीच्या टेकाडावर फिरू लागली आहेत. मी तहसील कचेरीतला साधा कारकून. कायद्याच्या दोन गोष्टी सांगाव्यात, अशी समितीची आज्ञा झाली म्हणून उभा आहे.

गुप्तधनाचा कायदा १८७८ सालचा आहे. जमिनीत पुरलेला १० रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला, तर काय, कोठे व कोणत्या तारखेस सापडले, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपविल्यास हिस्सा जातो आणि १ वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. मात्र कळविणाऱ्याला कायदा रिकाम्या हाताने पाठवीत नाही. कोणी मालक ठरला नाही व वेगळा करार नसला, तर बारा आणे सापडविणाऱ्याचे, चार आणे जागामालकाचे. सरकारने ऐवज ठेवून घेतल्यास धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. संरक्षित स्मारकाच्या जागेत तर परवान्यावाचून खणणे हाच गुन्हा आहे.

कोणी म्हणेल, चार नाण्यांनी काय होते? नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. कोणी कोणाला जिंकले, हे त्या ढिगाने सांगितले. नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती, तर ही साक्ष बुडाली असती.

दायमाबादची गोष्ट निराळी. तेथे १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा असे चार धातूचे नग मिळाले. वजन ६० किलोंहून अधिक. त्या गरिबाचा दोष नाही. पुढे तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले, परंतु हे नग नेमक्या कोणत्या थरातले, हे निर्विवाद ठरले नाही. त्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत.

यंत्राला तांब्याचा पैसा कळतो. भोवतीची राख, खापरे आणि मातीचे थर कळत नाहीत. म्हणून विनंती अशी की, टेकाडावर यंत्र फिरवू देऊ नये. शेतात काही निघाले, तर घासूपुसू नये, खणणे थांबवून जागेवर खूण करावी आणि तलाठी किंवा पोलीस पाटलांना सांगावे. अर्ज मी लिहून देईन, त्याची दक्षिणा नाही.

देवळासाठी आपण रुपया-रुपयाची पावती फाडली. देऊळ ज्या मातीवर उभे आहे, तिचाही हिशेब तसाच चोख राहावा, एवढे बोलून मी माझे भाषण पुरे करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!